मोगरे, शेवंत्या, जर्बेरे : फुलांच्या अनेकवचनाचा आढावा

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजाराचे भाव वर्तमानपत्रांत छापून येतात. झेंडू, गुलछडी, शेवंती, कापरी, सुट्टा अष्टर, गुलाब गड्डी, डच गुलाब वीस नग, लिलियम दहा काड्या, मग जर्बेरा, कार्नेशन, ऑर्किड. या यादीत फुलाचे नाव अनेकवचनात नसते. दसऱ्याच्या तोंडावर गाड्याच्या गाड्या रिकाम्या होतात, पण बातमी सांगते की झेंडू आला, झेंडू वधारला, झेंडू पडून राहिला. क्रियापद एकवचनी. अनेकवचन येते ते मापाला : काड्या, गड्ड्या, जुड्या, पाट्या. दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईतही हीच रीत ऐकू येते. ‘शेवंती काय भाव?’ असेच विचारतात. ‘शेवंत्या काय भाव?’ असे कोणी विचारत नाही.

ही भाषा सैल नाही, तिच्यात शिस्त आहे. बाजारात कांदा वधारतो आणि घरी दोन कांदे चिरले जातात. माल म्हणून ज्याचा विचार होतो ते नाम एकवचनात राहते आणि हाताने मोजायची वेळ आली की त्याला अनेकवचन मिळते. फुलांच्या नावांचे तेच आहे. मात्र फुलांच्या बाबतीत हाताने मोजायची वेळ आली तरी आपण बहुधा फुलाच्या नावाला हात लावत नाही. ‘पाच शेवंत्या’ म्हणण्याऐवजी ‘शेवंतीची पाच फुले’ म्हणतो. अनेकवचनाचा भार ‘फूल’ या शब्दावर टाकतो आणि शेवंती आपल्या जागी एकवचनातच राहते. त्यामुळे पुष्कळ फुलांची अनेकवचने नियमाने तयार होत असली तरी लिहिण्यात फार क्वचित येतात. क्वचित येतात म्हणून लिहिणाऱ्याला ती अनोळखी वाटतात, आणि अनोळखी वाटतात म्हणून तो ती टाळतो. नव्या फुलांपर्यंत पोचेस्तोवर या टाळाटाळीचा परिणाम असा होतो की अनेकवचन करायचे कसे हेच कोणाला ठरवता येत नाही. या सगळ्या प्रश्नाचा एकत्र विचार फारसा झालेला दिसत नाही, म्हणून हा आढावा.

आधी नियम. मराठीत अनेकवचन ठरते ते नामाच्या लिंगावर आणि शेवटच्या स्वरावर. पुल्लिंगी आकारान्त नाम एकारान्त होते : मोगरा-मोगरे, चाफा-चाफे, तेरडा-तेरडे, केवडा-केवडे, सोनटक्का-सोनटक्के. बाकीची पुल्लिंगी नामे जशीच्या तशी राहतात : एक गुलाब, दहा गुलाब, एक झेंडू, शंभर झेंडू, निशिगंध, अनंत, पारिजातक यांचेही तसेच. तिथे अनेकवचन कळते ते विशेषणावरून आणि क्रियापदावरून, ‘पिवळा झेंडू फुलला’ आणि ‘पिवळे झेंडू फुलले’. नपुंसकलिंगी अकारान्त नामाला एकार लागतो : कमळ-कमळे, सूर्यफूल-सूर्यफुले. इथवर काही अडत नाही.

अडते ते स्त्रीलिंगात, आणि मराठी बागेतली निम्मीअधिक फुले स्त्रीलिंगी आहेत. ईकारान्त नावांना ‘या’ लागतो : शेवंती-शेवंत्या, अबोली-अबोल्या, सायली-सायल्या, सदाफुली-सदाफुल्या, कोरांटी-कोरांट्या. अकारान्त नावांना मात्र कधी ‘आ’ लागतो, कधी ‘ई’. वाट-वाटा, पण भिंत-भिंती. कोणत्या शब्दाला काय लागेल याचा पक्का नियम व्याकरणकारांना सांगता आलेला नाही. ते शब्दागणिक शिकावे लागते. सुदैवाने फुलांची अकारान्त स्त्रीलिंगी नावे जवळजवळ सगळी ‘ई’च्या बाजूला गेली आहेत : जास्वंद-जास्वंदी, कर्दळ-कर्दळी, कण्हेर-कण्हेरी, तगर-तगरी. तुळस-तुळशी त्याच रांगेतली. दूर्वा हा शब्द आकारान्त स्त्रीलिंगी, म्हणून एक दूर्वा आणि एकवीस दूर्वा, रूप तेच.

जाई आणि जुई यांचे काय? नियमाने ‘बाई-बाया’, ‘सुई-सुया’ यांसारखे ‘जाया’ आणि ‘जुया’ व्हायला हवे. पण ‘जाया’ म्हटले की संस्कृत वाचलेल्या माणसाला पत्नी आठवते, आणि ‘जुया’ तर कानाला परकाच लागतो. लिहिणाऱ्यांनी इथे ‘जाईची फुले’, ‘जुईचे वेल’ अशी वाट काढली आणि ती योग्यच आहे. कोकणीने मात्र हा संकोच केलेला नाही. गोव्यात ‘जायो’ हे अनेकवचन अगदी रोजचे आहे, केसांत माळण्यापासून देवाला वाहण्यापर्यंत. गोव्यात मराठी लिहिणाऱ्याच्या कानावर एकीकडे कोकणीतली ‘फुलां’ असतात आणि दुसरीकडे मराठीतली ‘फुले’. तिथल्या मराठी लेखनात कधी ‘जायो’ डोकावला तर त्याला चूक म्हणून लाल शाई लावण्यापेक्षा तो कुठून आला हे ओळखावे, असे मला वाटते.

आता अर्थाकडे येऊ, कारण फुलांच्या अनेकवचनातली खरी मौज तिथे आहे. ‘मोगरा’ या एका शब्दाने तीन गोष्टी कळतात : झाड, फूल आणि जात. ‘अंगणात दोन मोगरे आहेत’ म्हटले की ऐकणारा दोन झाडे समजतो, दोन फुले कधीच समजत नाही. ‘कुंपणाला जास्वंदी लावल्या’ म्हणजे झाडे लावली. चाफ्याचेही तसेच, ‘देवळामागचे चाफे’ म्हणजे देवळामागची झाडे. उलट ‘दहा गुलाब’ म्हटले तर प्रथम फुले डोळ्यांपुढे येतात. शेवंतीही गुलाबाच्या बाजूची : ‘दोन पांढऱ्या शेवंत्या घे’ म्हणजे फुले घे. ही विभागणी कशाने झाली असावी? मला दिसते ते असे. जे फूल देठासह, एकेक करून हाती घेतले जाते त्याचे नाव फुलाला चिकटते. जे फूल ओंजळीने, परडीने, गजऱ्याने येते त्याचे नाव झाडाकडे राहते आणि फुलांसाठी ‘ची फुले’ किंवा ‘च्या कळ्या’ अशी जोड लागते. मोगरा कळ्यांनी विकला जातो, एकेक फूल म्हणून नाही. पारिजातकाचा तर सडाच पडतो. त्याची फुले कोणी मोजत नाही, म्हणून ‘दहा पारिजातक’ असे म्हटले की मनात दहा झाडेच उभी राहतात.

समूह सांगणारे शब्द मराठीत इतके आहेत की फुलाच्या नावाला अनेकवचनाची गरज कमीच पडावी. सडा पारिजातकाचा किंवा बकुळीचा, ताटवा शेवंतीचा किंवा झेंडूचा, घोस बोगनवेलीचे, तुरे तेरड्याचे, वेण्या अबोलीच्या, आणि कोकणात अबोलीचाच वळेसर. या प्रत्येक शब्दात फुलाचा स्वभाव आला आहे. ज्याला ‘ताटवे’ हा शब्द ठाऊक आहे तो ‘झेंडूंची अनेक फुले एकत्र फुलली होती’ असे लांबण लावणार नाही.

रानाकडे वळले तर एकवचनाची आणखी एक ताकद दिसते. पावसाळा संपता संपता सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी फुलते. लाखो फुले असतात, पण म्हणायचे ‘सोनकी फुलली’. एकवचनाने इथे संपूर्ण पठार कवेत घेतले जाते. ‘सोनक्या फुलल्या’ म्हटले तर चारदोन झाडे वाटतील. कारवीचेही असेच. उलट कास पठारावरच्या एका इवल्याशा निळ्याजांभळ्या फुलाचे नाव लोकांनी अनेकवचनातच ठेवले आहे : सीतेची आसवे. त्याचे एकवचन कोणी करत नाही.

जातींचा अर्थ घेतला की अनेकवचन आणखी गुंतागुंतीचे होते, आणि इथे चाफ्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सोनचाफा, हिरवा चाफा, खुरचाफा, नागचाफा, भुईचाफा, कवठी चाफा. मराठी माणूस या सगळ्यांना मिळून ‘चाफे’ म्हणतो आणि त्याला ते एका घरातले वाटतात. वनस्पतिशास्त्राला ते मान्य नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुलातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुलातला. देवळांच्या आवारात दिसणारा खुरचाफा कण्हेरीच्या कुलातला आणि मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. भुईचाफा तर आले-हळदीच्या कुलातला, त्याला झाडही म्हणता येत नाही. म्हणजे ‘चाफे’ हे एका वनस्पतीचे अनेकवचन नसून एका नावाचे अनेकवचन आहे. ज्यांना ज्यांना आपण वासावरून, पाकळ्यांवरून चाफा म्हटले त्यांचा तो मेळा आहे. म्हणून फुलांवर लिहिताना ‘चाफ्याच्या जाती’ आणि ‘निरनिराळे चाफे’ हे दोन प्रयोग एकमेकांऐवजी वापरू नयेत. पहिला प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या चुकतो, दुसरा चुकत नाही. गुलाबाच्या जाती म्हणता येते, शेवंतीच्या जाती म्हणता येते. चाफे मात्र निरनिराळेच.

शास्त्रीय नावांचा विषय निघालाच आहे तर तिथला वचनाचा नियम सांगायला हवा. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रजातीचे लॅटिन नाव हे प्रथमेचे एकवचनी नाम मानले जाते. रोझा, जॅस्मिनम, क्रिसँथेमम, ग्लॅडिओलस ही सगळी एकवचने. उलट कुलाचे नाव हे अनेकवचनी विशेषण असून ते नामासारखे वापरले जाते. रोझेसी हे व्याकरणाने अनेकवचन आहे. म्हणजे वचनाचा विचार शास्त्रानेही सोडलेला नाही, फक्त प्रत्येक पायरीला एक वचन नेमून दिले आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदींचे मथळेही एकवचनी आहेत : गुलाब, मोगरा, शेवंती. संदर्भग्रंथासाठी ती पद्धत बरोबर आहे. तिची नक्कल ललित लेखात किंवा बागकामाच्या पुस्तकात करण्याचे कारण नाही.

आता लेखनाच्या बारकाव्यांकडे. मराठीत अनेकवचन सगळ्यात नाजूकपणे प्रकट होते ते सामान्यरूपात, आणि तिथे सगळा भार एका अनुस्वारावर असतो. मोगऱ्याला, मोगऱ्यांना. गुलाबाचा, गुलाबांचा. शेवंतीत निदान रूप तरी बदलते : शेवंतीचा, शेवंत्यांचा. पण जास्वंदीकडे पाहा. एकवचनाचे सामान्यरूपही ‘जास्वंदी’ आणि अनेकवचनही ‘जास्वंदी’. ‘जास्वंदीची निगा’ म्हणजे एका झाडाची निगा आणि ‘जास्वंदींची निगा’ म्हणजे सगळ्यांची, फरक फक्त त्या टिंबाचा. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा असे मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम स्पष्ट सांगतात. हे नियम १९६२ साली राज्य शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. इतक्या वर्षांनंतरही पुस्तकांत, पाट्यांवर, रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत हा अनुस्वार वाटेल तसा गळतो आणि वाटेल तिथे येतो. कर्दळी, कण्हेरी, तगरी या सगळ्यांना हा धोका सारखाच आहे. एखादी रोपवाटिका ‘कण्हेरीच्या जाती’ लिहिते तेव्हा ते बरोबर असते. ‘कण्हेरीमधली तण काढा’ असे लिहिते तेव्हा तिला ‘कण्हेरींमधले’ म्हणायचे असते, आणि तण नपुंसकलिंगी आहे हेही तिथे सुटलेले असते.

त्याच नियमांनी एक जुना भेद मात्र आपल्याकडून गेला. पूर्वी नपुंसकलिंगी अनेकवचनावर अनुस्वार असे. ‘पांढरीं फुलें’ असे लिहीत, तर एका शेवंतीला ‘पांढरी शेवंती’. डोळ्यांना लगेच कळे की पहिले अनेकवचन आणि दुसरे एकवचन. अनुच्चारित अनुस्वार काढून टाकल्यावर ‘पांढरी’ हे रूप एका शेवंतीलाही लागू लागले आणि हजार फुलांनाही. मी जुन्या अनुस्वारांकडे परत जा असे म्हणणार नाही. ते बोलण्यातून कधीच गेले होते आणि लिहिण्यात ओझे झाले होते. पण त्यामुळे लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. ‘पिवळी शेवंती आणि फुले’ अशा वाक्यात ‘पिवळी’ कोणाची हे आता वाक्यरचनेने सांगावे लागते.

‘फूल’ या शब्दाचे लेखनही इथेच सांगून टाकतो, कारण वर पाहिले त्याप्रमाणे अनेकवचनाचा बहुतेक भार हाच शब्द वाहतो. एकवचनात दीर्घ ऊ, ‘फूल’. अनेकवचनात आणि सामान्यरूपात ऱ्हस्व : फुले, फुलाला, फुलांचा. बोलण्यात ‘फुलं’ आणि औपचारिक लेखनात ‘फुले’. पात्राच्या तोंडी ‘फुलं’ लिहायला नियमांची परवानगी आहे आणि ललित लेखनात ते आता निवेदनातही रुळले आहे. हरकत एवढीच की एका लेखात एकच पद्धत ठेवावी. ‘मोगऱ्याची फुलं’ आणि दोन ओळींनंतर ‘गुलाबाची फुले’ असे वाचताना ठेच लागते.

दुसरा बारकावा संगणकाने आणला. ‘मोगरे’ लिहिणे सोपे, पण ‘मोगऱ्यांचे’ लिहिताना अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा काढावा लागतो. युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर दिलेले आहे. पुष्कळांना ते कळफलकावर सापडत नाही आणि मग ‘मोगर्यांचे’ असे रफार चढलेले रूप उमटते. ते वाचले तर ‘मोगर्‌-यांचे’ असा भलताच उच्चार होतो. फुलांवर लिहिणाऱ्या माणसाने एकदा कष्ट घेऊन ‘ऱ्य’ची कळ शोधून ठेवावी. मोगरा हे मराठीतले सर्वांत लाडके फूल असेल, त्याच्या अनेकवचनाचा उच्चार तरी बिघडू नये.

इथपर्यंत जुन्या बागेची गोष्ट झाली. मूळ वाद नव्या फुलांचा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्यांना आपण जुनी, अस्सल म्हणतो त्यांतली कित्येक फुले परदेशी आहेत. झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. गुलबक्षी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली आणि तिचे नाव फारसी ‘गुल-ए-अब्बासी’वरून आलेले. सदाफुली मादागास्करची. गुलमोहरही तिथलाच. ही झाडे आली तेव्हा मराठी माणसाने त्यांना नाव दिले, नावाला लिंग दिले, आणि लिंग दिल्यावर अनेकवचन आपोआप मिळाले. गुलबक्ष्या, सदाफुल्या, दहा झेंडू. आज कोणाला ही रूपे उसनी वाटत नाहीत.

यातले सर्वांत सुंदर उदाहरण बोगनवेलीचे. ब्राझीलमधल्या या झाडाला अठराव्या शतकातल्या बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव मिळाले, आणि इंग्रजीत ते बोगनव्हिलिया झाले. मराठी बोलणाऱ्यांच्या कानाला त्या नावाच्या शेपटात ‘वेल’ ऐकू आली. झाड वेलीसारखे चढतेही. झाले, बोगनवेल. ‘वेल’ आली तशी तिच्याबरोबर लिंग आले, ‘बोगनवेली’ हे अनेकवचन आले, ‘बोगनवेलींचे कुंपण’ हे सामान्यरूपही आले. हे कोणा समितीने ठरवले नाही, कोणत्या परिभाषाकोशाने सुचवले नाही. माळ्यांनी आणि घरोघरच्या बायकांनी ते केले. भाषा जिवंत असली की ती असे काम करते, आणि या शब्दाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग जर्बेरापाशी आपण का अडलो? हे फूल हरितगृहांबरोबर आले. तळेगाव दाभाड्याच्या परिसरात फुलशेतीची मोठी हरितगृहे उभी राहिली, पुढे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक असे लोण पसरले. जर्बेरा, कार्नेशन, डच गुलाब, जिप्सोफिला, ऑर्किड, लिलियम यांची रोजची ये-जा सुरू झाली. मराठी शेतकऱ्याने हे तंत्र आत्मसात केले, मराठी शेतीपत्रांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली. पण नाव कधी ‘जर्बेरा’, कधी ‘जरबेरा’. लिंग बहुतेक पुल्लिंगी, पण ठामपणे नाही. आणि अनेकवचन? ‘जर्बेराची फुले’, नाहीतर ‘जर्बेरा फुलांचे उत्पादन’. ‘जर्बेरे’ लिहायला कोणाचा हात धजत नाही.

वास्तविक इथे शंका घेण्यासारखे काही नाही. ‘कॅमेरा’ हा शब्द घ्या. तोही परका, तोही आकारान्त, तोही पुल्लिंगी. आपण बिनदिक्कत ‘कॅमेरे’ लिहितो, ‘कॅमेऱ्यांची नजर’ लिहितो. सोफा-सोफे, सिनेमा-सिनेमे. त्याच चालीने जर्बेरा-जर्बेरे, जर्बेऱ्याचा, जर्बेऱ्यांचा. ‘जर्बेऱ्यांच्या दहा काड्या’ हा प्रयोग दोनदा वाचला की परका राहत नाही. डेलियाचे तेच : रुपया-रुपये, तसे डेलिया-डेलिये. कान सुरुवातीला कुरकुरेल, पण ‘डेलिये’ मराठीच्या नियमातले आहे आणि ‘डेलियाज’ नाही.

झिनिया आणि पिटुनिया यांच्याबद्दल मात्र मी वेगळे म्हणेन. ही नावे काही जण स्त्रीलिंगी वापरतात, काही पुल्लिंगी. स्त्रीलिंगी आकारान्त नाम अनेकवचनात बदलत नाही, एक शाळा आणि चार शाळा. ‘रंगीत झिनिया फुलल्या’ असे लिहिले की अनेकवचन क्रियापदातून कळते आणि नावाला धक्का लागत नाही. माझा कौल स्त्रीलिंगाकडे आहे. ही दोन्ही फुलझाडे वाफ्यात बुटकी, दाट वाढतात आणि सदाफुली, अबोली, शेवंती यांच्या शेजारी शोभतात. पण कौल कोणताही असो, तो घ्यावा. लिंग न ठरवता फूल वापरत राहिल्याने अनेकवचन लोंबकळते.

व्यंजनाने संपणाऱ्या नावांचे दोन गट पडतात. पुल्लिंगी ठेवली तर ती बदलत नाहीत : दहा ट्युलिप, दहा ग्लॅडिओलस. इथे वादच उरत नाही. ऑर्किड आणि कार्नेशन मात्र आपण पुष्कळदा नपुंसकलिंगी वापरतो, ‘ते ऑर्किड किती सुंदर आहे’ म्हणतो. मग अनेकवचन ‘ऑर्किडे’ आणि ‘कार्नेशने’ व्हायला हवे. हसू येते का? ‘स्टेशने’ आणि ‘तिकिटे’ म्हणताना येत नाही, ‘बिस्किटे’ खाताना येत नाही. ऑर्किडसाठी तर मराठीत ‘आमरी’ हा जुना शब्द आहे. सह्याद्रीतल्या आमऱ्यांविषयी लिहिणारे अभ्यासक तो वापरतात. रानातल्यांना आमऱ्या म्हणावे आणि बाजारात थायलंडहून आलेल्यांना ऑर्किडे, ही वाटणी मला सोयीची वाटते. लिली तर कधीच आपली झाली आहे, पहिल्या पावसाने लिल्या उगवतात.

आज प्रत्यक्षात काय चालले आहे? ‘रोझेस’, ‘ऑर्किड्स’, ‘ट्युलिप्स’, ‘डॅफोडिल्स’. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींच्या लेखांत तर वसंत आला की डॅफोडिल्सचा बहर येतोच. या ‘स’ने दोन अडचणी होतात. एक, तो विभक्तिप्रत्यय सहन करत नाही. मराठीत अनेकवचनाची खूण सामान्यरूपातल्या अनुस्वारात असते, आणि ‘ट्युलिप्सचा’ या रूपात तो अनुस्वार ठेवायला जागाच नाही. ‘ट्युलिपांचा वाफा’ म्हटले की मराठीचा कणा ताठ राहतो. दुसरी अडचण अशी की इंग्रजीचे अनेकवचन घेतले की तिचे वादही घ्यावे लागतात. ग्लॅडिओलस हा लॅटिन शब्द, अर्थ छोटी तलवार. इंग्रजीत त्याचे अनेकवचन काही जण लॅटिनप्रमाणे ‘ग्लॅडिओलाय’ करतात, काही जण इंग्रजीप्रमाणे ‘ग्लॅडिओलसेस’, आणि काही जण तसेच ठेवतात. नार्सिसस, क्रोकस यांचीही तीच तऱ्हा. उलट क्रिसँथेममचे लॅटिन धर्तीचे अनेकवचन तिथेही कोणी करत नाही, सरळ ‘स’ लावून मोकळे होतात. ज्या भाषेला स्वतःच्या घरात एकमत करता आले नाही तिच्याकडून आपण अनेकवचन मागायला का जावे? मराठीत ‘ग्लॅडिओलसच्या काड्या’ आणि ‘दहा ग्लॅडिओलस’ एवढ्याने काम पूर्ण होते. देवनागरीत ‘ग्लॅडिओलाय’ लिहिणे मला सर्वस्वी अनावश्यक वाटते.

वाणांच्या नावांना यातून वगळावे. ‘ताजमहाल’, ‘टॉप सीक्रेट’ ही डच गुलाबांच्या वाणांची नावे विशेषनामे आहेत, आणि विशेषनामाला अनेकवचन लावायचे नसते. ‘ताजमहालच्या दोन गड्ड्या’ हेच बरोबर, आणि बाजार तेच बोलतो.

जुन्या फुलांतही एकदोन जागा अनिर्णीत आहेत आणि त्या तशाच राहू द्याव्यात. बकुळ हा शब्द कोणी पुल्लिंगी घेतो, बहुतेक जण स्त्रीलिंगी. ‘बकुळाची फुले’ आणि ‘बकुळीची फुले’ दोन्ही छापलेली दिसतात. वेल हा शब्दही दोन लिंगांत नांदतो, म्हणून ‘वेल चढले’ आणि ‘वेली चढल्या’ दोन्ही बरोबर. प्रमाणीकरणाच्या उत्साहात यातले एक पुसून टाकू नये. प्रदेशाप्रदेशाने कान वेगळा असतो.

या सगळ्यात कोशांनी किती मदत केली? मोल्सवर्थच्या १८३१च्या आणि पुढे १८५७च्या कोशात प्रत्येक नामाचे लिंग दिलेले आहे. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातही आहे. दादोबा पांडुरंगांचे १८३६चे व्याकरण आणि मोरो केशव दामल्यांचे १९११चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ यांनी वचनाचे नियम मांडून ठेवले. अरुण फडके यांच्या मराठी लेखन-कोशाने सामान्यरूपे दाखवण्याचे मोठेच काम केले. शब्द कसा लिहावा एवढ्यावर न थांबता तो चालवावा कसा हे सांगणारा तो कोश आहे. तरीही हरितगृहातून आलेल्या फुलांची नावे, त्यांचे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप एका जागी सापडतील असे साधन सामान्य लिहिणाऱ्याच्या हाताशी नाही. पुष्पविज्ञानाची राष्ट्रीय संशोधनसंस्था पुण्यातच आहे, कृषी विद्यापीठे मराठीतून शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढतात, भाषा संचालनालय परिभाषाकोश करते. या तिघांनी मिळून पन्नासएक फुलांची एक छोटी यादी केली तर पुष्कळ काम होईल. नाव, लिंग, अनेकवचन, ‘चा-ची-चे’ लावल्यावरचे रूप, एवढे चार रकाने पुरे.

तोवर लिहिणाऱ्यांनी आपल्यापुरते ठरवावे. फुले म्हणायची असतील तिथे ‘शेवंतीची फुले’ निःशंक लिहा, ती अस्सल मराठी रचना आहे. झाडे किंवा प्रकार म्हणायचे असतील तिथे मोगरे, चाफे, जास्वंदी, शेवंत्या लिहायला संकोच करू नका. सामान्यरूपावरचा अनुस्वार सोडू नका. आणि फुलशेती करणाऱ्या, बागेवर लिहिणाऱ्या, रोपवाटिकेची पाटी रंगवणाऱ्या सर्वांना विनंती अशी, की पुढच्या वेळी ‘जर्बेरे’ लिहून पाहा.